फुलर्टनचा नकाशा, हॅनवेलचा आवाज

१९५०च्या दशकातला फेंडर कंपनीचा गिटार ॲम्प्लिफायर मागून उघडला, की लाकडी पेटीच्या आतल्या अंगाला बहुतेक वेळा एक छापील कागद चिकटवलेला दिसतो. कुठल्या सॉकेटात कुठला व्हॉल्व्ह बसवायचा, हे त्यावर लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरांत वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पेटंटांचा परवाना घेतल्याची नोंद असते. शिक्क्याने उमटवलेली दोन रोमन अक्षरंही असतात, पहिलं वर्षाचं आणि दुसरं महिन्याचं. १९५१ साली ‘ए’पासून सुरुवात झाली, त्या हिशेबाने १९५९ला ‘आय’ येतो. म्हणजे ‘आय’पुढे ‘सी’ असेल, तर ती पेटी मार्च १९५९मधली. चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, बाहेर काढली तर आत कधीकधी चिकटपट्टीचा एक तुकडा मिळतो आणि त्यावर हाताने लिहिलेलं बाईचं नाव असतं. नुसतं नाव, आडनाव नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या कारखान्यात ज्या बाईंनी हातात सोल्डरिंग आयर्न धरून ते वायरिंग केलं, त्यांची ती सही.

ही वस्तू बनवणाऱ्याला ठाऊक होतं की ती एक ना एक दिवस बिघडणार, कुणीतरी तिची पाठ उघडणार आणि उघडणाऱ्याला माहिती लागणार. सहा-सात दशकांचे हे ॲम्प आज रंगमंचावर वाजतात, ते आवाजामुळे तर खरंच. पण ते वाजू शकतात, कारण ते दुरुस्त होऊ शकतात. आणि दुरुस्त होऊ शकतात, कारण त्यांचा कर्ता मुळात दुरुस्ती करणारा माणूस होता.

लिओ फेंडरचा जन्म १९०९चा. लहानपणी एक डोळा गेलेला, शिक्षण हिशेबनिसाचं. १९३८मध्ये त्याने फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. गावातल्या वादकांचे ॲम्प्लिफायर आणि लाउडस्पीकर त्याच दुकानात दुरुस्तीला येत. दुसऱ्यांनी बनवलेली यंत्रं कुठे कच्ची पडतात, हे त्याने तिथे वर्षानुवर्षं पाहिलं. गिटार वाजवायला तो कधीच शिकला नाही. वादक सांगतील ते ऐकायचं, ॲम्प त्यांच्या हाती देऊन नाचगाण्याच्या हॉलमध्ये पाठवायचा, परत आला की काय सुटलं, काय जळलं ते बघायचं आणि पुढच्या खेपेला बदल करायचा, ही त्याची रीत. सर्किटच्या मूलभूत कल्पना त्याच्या स्वतःच्या नव्हत्या. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांची माहितीपुस्तकं आणि रेडिओ-टेलिफोनच्या जगात आधीच रुळलेली सर्किटं, यांतूनच ती आली होती. त्याचं कौशल्य मांडणीत होतं. एका लांबट फायबरच्या पट्टीवर धातूची छोटी नेढी ठोकलेली. प्रत्येक रेझिस्टर, प्रत्येक कंडेन्सर त्या नेढ्यांमध्ये ओळीने आडवा घातलेला, समोर दिसणारा, सोल्डर वितळवून एकेकटा सुटणारा. कंपनीने सर्किटचा आराखडा तर काढलाच, शिवाय प्रत्यक्ष पट्टीवर कुठला भाग कुठे बसतो, कुठल्या रंगाची वायर कुठे जाते, याचंही वेगळं चित्र काढलं. सर्किटची चिन्हं न वाचता येणारा माणूसही त्या चित्रावरून काम करू शकतो.

या सगळ्या घराण्यात सर्वांत महत्त्वाचा म्हणजे ‘बासमन’. १९५१मध्ये फेंडरने विजेवर चालणारी बास गिटार आणली आणि १९५२मध्ये तिच्यासाठी हा ॲम्प. सुरुवातीला त्यात पंधरा इंची एकच स्पीकर होता. पुढे दहा इंची चार स्पीकर आले. सर्किट सुधारत सुधारत १९५८ ते १९६०च्या ‘५एफ६-ए’ या आवृत्तीपर्यंत पोचलं. हा क्रमांक गूढ वाटतो, पण सरळ आहे: पन्नासचं दशक, सर्किटची ‘एफ’ ही सुधारणा, सहा हा मॉडेलचा आकडा आणि शेवटी आणखी एक फेरफार. बनवला बाससाठी आणि गाजवला गिटारवाल्यांनी. ज्या कामासाठी तो जन्मला ते काम तो फारसं नीट करत नसे, मोठ्या आवाजात त्याचा सूर फाटायचा. गिटारवाल्यांना नेमकं तेच हवं होतं.

हे फाटणं समजून घ्यायला हवं. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. तिच्या मधोमध कॅथोड असतो. ६.३ व्होल्टचा तंतू त्याला तापवतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. भोवती असते प्लेट आणि तिच्यावर शेकडो व्होल्टचा धन दाब. दोघांच्या मध्ये बारीक तारेची जाळी. गिटारच्या पिकअपमधून आलेला क्षीण संदेश या जाळीवर पोचतो आणि जाळीवरच्या जराशा चढउताराने प्लेटकडे जाणारा प्रवाह मोठ्या प्रमाणात कमीजास्त होतो. जाळीवर झेपेल त्यापेक्षा मोठा संदेश आला, की व्हॉल्व्ह हळूहळू थकत जातो, लहरींचे माथे एकदम न छाटता गोलावून दाबतो आणि त्यातून मूळ स्वराच्या वरचे स्वरांश उमटतात. मिरजेच्या कारागिरांनी तानपुऱ्याची जवारी काढताना घोडी ज्या बेताने घासावी, की तार तिला पुसटशी स्पर्शत राहावी आणि एका स्वरातून अनेक स्वरांश झंकारून यावेत, तसंच हे आहे. शुद्धतेच्या मापाने पाहिलं तर दोन्हीकडे तो दोषच; कानाला मात्र त्याशिवाय स्वर उघडा वाटतो.

यात रेक्टिफायरचाही वाटा आहे. ‘५एफ६-ए’मध्ये जीझेड३४ हा व्हॉल्व्ह विजेचा एसी प्रवाह डीसीमध्ये बदलतो. वादकाने जोरात आघात केला, की शेवटचे दोन पॉवर व्हॉल्व्ह एकदम जास्त प्रवाह मागतात, पुरवठ्याचा दाब क्षणभर खाली बसतो आणि मग सावरतो. आघात थोडा दबतो आणि मागचा नाद फुगून वर येतो. वादक याला ॲम्पने बोटांना उत्तर देणं म्हणतात. मला ही अतिशयोक्ती वाटत नाही.

आता लंडन. शहराच्या पश्चिमेला हॅनवेलमध्ये ७६ अक्सब्रिज रोड या पत्त्यावर जिम मार्शलने १९६०मध्ये वाद्यांचं दुकान उघडलं. तो स्वतः ड्रमवादक आणि ड्रमचा शिक्षक. पुढे जिमी हेंड्रिक्सबरोबर वाजवणारा मिच मिचेल त्याच्याच हाताखाली तयार झालेला. ड्रमवाल्या पोरांबरोबर त्यांचे गिटारवाले मित्र दुकानात येऊ लागले. त्यांत पीट टाउनशेंड होता, रिची ब्लॅकमोर होता. आमच्यासाठी गिटार आणि ॲम्प ठेवा, असा त्यांचा आग्रह. अमेरिकेतून येणारे फेंडरचे ॲम्प महाग होते आणि पोरांना हवा होता त्याहून दांडगा आवाज. दुकानातला दुरुस्तीचा माणूस केन ब्रॅन म्हणाला, आपणच बनवू. ईएमआयमध्ये उमेदवारी करणारा अठरा वर्षांचा डडली क्रेव्हन त्याच्या जोडीला आला. समोर नमुना ठेवला बासमनचा, ‘५एफ६-ए’. १९६२मध्ये पहिले ॲम्प तयार झाले. नाव पडलं ‘जेटीएम ४५’. जिम, त्याचा मुलगा टेरी आणि आडनाव मार्शल यांची आद्याक्षरं.

हा भाग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. नकाशा जवळजवळ जसाच्या तसा उचलला होता. तोच टोन कंट्रोलचा विभाग, लहरीच्या दोन उलटसुलट प्रती करून पॉवर व्हॉल्व्हना देणारी तीच जोडणी. बदललं ते इंग्लंडच्या बाजारात मिळेल त्यानुसार. बासमनमध्ये पहिला व्हॉल्व्ह १२एवाय७ असतो, त्याचा वर्धनांक चाळिशीतला. हॅनवेलमध्ये त्या जागी ईसीसी८३ बसला, त्याचा वर्धनांक शंभर. सुरुवातीलाच संदेश दुपटीहून मोठा झाला. पॉवर व्हॉल्व्ह ५८८१ होते, त्यांच्या जागी लवकरच हॅमरस्मिथमध्ये बनणारे केटी६६ आले. आउटपुट ट्रान्सफॉर्मर रेडिओस्पेअर्सच्या कॅटलॉगमधून मागवलेला. चासी ॲल्युमिनियमची. फेंडरच्या चार स्पीकरांची जोडणी मिळून दोन ओहमची होती. मार्शलने आउटपुटचा थोडा अंश मागे फिरवणारी वायर जास्त ओहमच्या टोकावरून घेतली, रेझिस्टर मात्र तोच ठेवला, त्यामुळे मागे जाणारा अंश वाढला आणि ॲम्पचा स्वभाव बदलला. बासमनची पेटी मागून उघडी, आत दहा इंची जेन्सन स्पीकर. मार्शलने ॲम्प वेगळा काढला आणि बारा इंची चार सेलेस्टियन स्पीकर मागून बंद असलेल्या पेटीत ठेवले, कारण त्या काळचे स्पीकर इतका जोर एकेकट्याने सोसत नसत.

कुणी नवा आवाज शोधायला बसलं नव्हतं. मिळेल त्या सामानात दुसऱ्याचं यंत्र उभं करायचं होतं. १९६६मध्ये जॉन मेयलच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ या रेकॉर्डसाठी एरिक क्लॅप्टनने याच घराण्यातला, दोन स्पीकरांचा एकपेटी मार्शल स्टुडिओत आणला आणि जाहीर कार्यक्रमात वाजवतात तेवढ्या जोरात वाजवला. रॉक गिटारचा आवाज कसा असावा, याचं माप तिथून पुढे त्यावरून ठरत गेलं. अमेरिकेत बर्कलीच्या रँडल स्मिथनेही फेंडरच्या छोट्या ‘प्रिन्स्टन’ पेटीत बासमनचं सर्किट कोंबलं आणि त्यातून मेसा बूगी कंपनी उभी राहिली.

फेंडरच्या या उघडेपणाच्या अगदी उलट वागणारा माणूस म्हणजे कॅलिफोर्नियाचा हॉवर्ड डंबल. त्यानेही फेंडरच्या ॲम्पमध्ये फेरफार करूनच हात बसवला, एकेका वादकासाठी मोजके ॲम्प घडवले आणि नक्कल होऊ नये म्हणून सर्किटच्या कळीच्या भागावर घट्ट इपॉक्सीचा थर ओतला. २०२२मध्ये तो गेला. त्याच्या ॲम्पना आज एक लाख डॉलरच्या वर किंमत येते. त्याच्या कानाबद्दल मला आदर आहे. पण त्या थराखालचा पन्नास पैशांचा रेझिस्टर जळला, तर दुरुस्ती करणाऱ्याने खरवडत बसायचं, आणि खरवडताना शेजारचे चार भाग जायचे. शेवटी लोकांनी खरवडून सर्किट कागदावर उतरवलंच. मी या बाबतीत पूर्णपणे फेंडरच्या बाजूचा आहे.

आता कामाच्या टेबलाकडे येऊ. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला ॲम्प हाती आला, तर पहिला नियम: लगेच प्लग लावून बघायचं नाही. अनेक मौल्यवान ट्रान्सफॉर्मर या एका उतावीळपणात गेले आहेत. आधी मेन्सची वायर बघायची. जुन्या अमेरिकन ॲम्पना दोन पिनांचा प्लग असतो आणि मेन्समधून चासीकडे जाणारा एक कंडेन्सर. तो शॉर्ट झाला, की चासीत वीज उतरते; चासीला जोडलेल्या असतात गिटारच्या तारा आणि तारांवर असतात वादकाची बोटं. अमेरिकेतले मेकॅनिक त्याला मृत्यूचा कंडेन्सर म्हणतात. तो काढायचा आणि अर्थिंगची तीन पिनांची वायर घालायची, यात तडजोड नाही. मग फ्यूज, मूळ आकड्याचाच आहे ना ते पाहून. मग ट्रान्सफॉर्मर नाकाजवळ धरायचा. जळलेल्या वॉर्निशचा वास वर्षांनंतरही जात नाही.

बासमनच्या प्लेटवर सव्वाचारशेच्या पुढे व्होल्ट असतात. प्लग काढल्यावरही हा दाब डीसी पुरवठा सपाट करणाऱ्या फिल्टर कंडेन्सरांत साठून राहतो. म्हणून रेझिस्टर लावून ते रिकामे करायचे, मीटरने खात्री करायची आणि चालू ॲम्पमध्ये मोजमाप करताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे प्रवाहाला छातीतून वाट मिळत नाही. आपल्याकडचे जुने रेडिओ मेकॅनिक हे न शिकवता करतात. तसाच त्यांचा सिरीज लॅम्प. मेन्सच्या मार्गात बल्ब ओळीने जोडायचा. ॲम्पमध्ये कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. महागडी उपकरणं असलेले परदेशी कारागीरही हा बल्ब वापरतात.

नंतर पायरीपायरीने. रेक्टिफायर काढून ठेवायचा, तंतूंना ६.३ व्होल्ट मिळतात का बघायचं. पॉवर व्हॉल्व्ह घालण्याआधी त्यांच्या जाळीवर उणे व्होल्टेज पोचतंय का हे तपासायचं. कंपनीच्या नकाशावर ते उणे ४८ दाखवलं आहे. ते नसेल तर व्हॉल्व्हला आवर घालणारं कुणी उरत नाही आणि त्याची प्लेट लालबुंद होते. हा दोष पुष्कळदा आधीच्या कंडेन्सरमधून येतो. फेंडरच्या ॲम्पमधले पिवळे ॲस्ट्रॉन कंडेन्सर म्हातारे झाले, की डीसी अडवण्याचं आपलं काम सोडतात आणि मागचा धन दाब जाळीवर झिरपू देतात. साठीच्या दशकातल्या पुढच्या मार्शलमध्ये आलेले मुलार्डचे मोहरीच्या रंगाचे कंडेन्सर मात्र अजून टणक आहेत.

घुमणाऱ्या आवाजावरून निदान करता येतं. आपल्याकडच्या विजेवर फिल्टर कंडेन्सर सुकले असतील तर शंभर हर्ट्झचा खरखरीत सूर येतो, तंतूच्या वायरिंगमधून आलेला सूर पन्नासचा, खर्जातला. कुठे ड्राय सोल्डर असेल तर जेवणातल्या लाकडी चॉपस्टिकने एकेक जोड हलकेच टोचून बघतात. आणि एक दोष असा, की सगळे भाग चांगले असूनही ॲम्प चरचरतो. फेंडरची ती काळी फायबरची पट्टी कालांतराने दमट हवा शोषते आणि स्वतःच थोडी वीज वाहून नेऊ लागते. मुंबई-गोव्याच्या हवेत ही पट्टी काय करेल, याची कल्पना कोकणातला कुणीही करू शकेल. हेअर ड्रायरने ती सुकवतात. नाही जमलं तर नवी पट्टी.

नवी पट्टी घातली तर तो ॲम्प जुना राहिला का? संग्राहकांमध्ये यावर मोठे वाद आहेत, कारण मूळचा सोल्डरचा जोडही न हललेला ॲम्प जास्त किमतीला विकला जातो. माझं मत स्पष्ट आहे. फिल्टर कंडेन्सर ही झिजणारी वस्तू आहे, ते बदललेच पाहिजेत. मूळचे भाग छोट्या पिशवीत घालून पेटीत ठेवावेत. ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि हाताने केलेली वायरिंगची वळणं शक्य तितकी जपावीत, कारण आवाजाचा बराचसा स्वभाव तिथे आहे. न वाजणारा ॲम्प विकत घेऊन काचेत ठेवणाऱ्यांची मला खंत वाटते.

भाग मिळतात, खरी चिंता व्हॉल्व्हची आहे. इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नला मुलार्डचा प्रचंड कारखाना होता. काच आणि तारही तिथेच बनायची. तिथून निघालेल्या व्हॉल्व्हच्या तळाशी काचेवर सांकेतिक अक्षरांत ‘बी’ कोरलेला असतो. जुन्या साठ्यातला ईएल३४ हा पॉवर व्हॉल्व्ह हातात घेतला की जाणकार आधी तो शोधतात. ते उत्पादन केव्हाच थांबलं. आज गिटारच्या जगाला लागणारे बहुतेक व्हॉल्व्ह स्लोव्हाकियातलं चाद्सा, रशियातलं सारातोव्ह आणि चीन इथून येतात. सारातोव्हचा कारखाना न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूजने घेतला आणि मुलार्ड, टंग-सोल ही मेलेली नावंही तिथल्या मालावर छापली. मार्च २०२२मध्ये, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, रशियाने निर्यातीवर बंधनं घातली आणि दुकानांतले व्हॉल्व्ह भराभर संपले, भाव चढले. पुढे माल येऊ लागला. पण गिटारचा एक अख्खा संप्रदाय दोन-तीन गावांवर टेकलेला आहे, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

आपल्याकडे ही विद्या होती. ठाण्यात मर्फीचे रेडिओ बनत. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे बीईएलने, साठीच्या दशकात रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. त्यांतला ईएल८४ घरोघरच्या रेडिओत स्पीकरला जोर देई. तेच चार ईएल८४ घालून इंग्लंडमध्ये व्हॉक्सचा एसी३० बनला होता, बीटल्सने वाजवला तो. रेडिओच्या दुकानांच्या मागच्या खोलीत खोक्यातून पडलेले बीईएलचे व्हॉल्व्ह आज गिटारवाले हुडकत असतात. व्हॉल्व्हच्या गळ्याशी किंवा डोक्याशी काचेला आतून चंदेरी मुलामा असतो. तो चंदेरी असेल तर निर्वात टिकून आहे. पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. एवढं बघून घ्यावं.

अमेरिकन ॲम्प इथे वाजवायचा तर आधी २३० व्होल्टचे ११७ करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो पुरेशा वॅटचा हवा. शिवाय तिकडची वीज साठ हर्ट्झची, आपली पन्नासची. त्यामुळे मूळचा पॉवर ट्रान्सफॉर्मर इथे जरा जास्त तापतो. मार्शलला ही अडचण नाही, तो जन्माने पन्नास हर्ट्झचा. आणि ट्रान्सफॉर्मर जळालाच, तर महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीही रिवाइंडिंगचं दुकान असतं. पॉवर ट्रान्सफॉर्मर ते उत्तम भरून देतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर देताना मात्र समोर बसून सांगावं लागतं. त्यात प्लेटकडचं आणि स्पीकरकडचं वाइंडिंग एकावर एक सरळ नसतं. पहिल्याचा काही भाग, मग दुसऱ्याचा, परत पहिल्याचा, असे थर आळीपाळीने घातलेले असतात, नाहीतर वरच्या पट्टीतले स्वर स्पीकरपर्यंत पोचत नाहीत. म्हणून जुनं वाइंडिंग कापून टाकू द्यायचं नाही. ते एकेक वेढा मोजत उलगडायचं, थर कुठे बदलला, कागद किती जाडीचा होता, तार कुठल्या गेजची होती आणि मधलं टोक कुठून काढलं होतं, ते तिथल्या तिथे वहीत लिहून घ्यायचं.